हरेशला शेवट सांगायचा नाही

हरेश दारात आला की त्याचं पहिलं वाक्य असायचं, "निघतो मी." एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, चप्पल तशीच, आणि हा निघतो. मग तो तासभर थांबायचा, पण उभा. दाराची कडी वरखाली करत, फ्रीजवरच्या वस्तू उचलून बघत, कॅलेंडरची पानं पुढच्या महिन्यापर्यंत चाळत. माझ्या आईने त्याच्यासाठी खुर्ची ओढली की तो तिच्यावर हातातली पिशवी ठेवायचा आणि स्वतः खिडकीशी जायचा. याला कुणीतरी धरून बसवा गं, मलाच बघून दम लागतो, असं आई म्हणायची. चहासुद्धा तो चालता चालता प्यायचा. त्यामुळे आमच्या घरात त्याच्या चहाचे ठिपके स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत पडलेले असायचे आणि ते पुसताना मी त्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवायचे.

आता मी पनवेलला असते. तेव्हा बदलापूरला मांजर्लीत राहायचे आणि अंबरनाथच्या एका लॅबमध्ये कामाला होते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे हे माझं काम, आणि उल्हासनगरचा बराचसा भाग माझ्याकडे होता. विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या गल्लीत हरेशचं दुकान. जीन्सला लागणाऱ्या चेन, बटणं, मागे लावायचे चामडी पट्टे, असा सगळा माल. पुढे दुकान, मागे घर. घरात तो आणि त्याचे वडील, दोघंच. आई केव्हाच गेलेली, मोठा भाऊ दुबईला, आणि हरेशचं लग्न राहून गेलेलं. वडिलांना सगळी गल्ली बाबा म्हणायची. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलेलं, आणि कान आधीपासूनच अधू. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून दर थोड्या दिवसांनी मला त्यांचं रक्त तपासायला न्यावं लागे.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडायला वेळ लागतो. मी बाबांचा हात धरून शोधतेय आणि हा मागे उभा राहून गोळ्यांच्या डब्यावर दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी वाजवतोय. मी म्हटलं, भाऊ, एक तर ते वाजवणं थांबवा नाहीतर सुई तुम्ही धरा. थांबला. दोन श्वास जातात न जातात तोच त्याच्या पायाने तोच ठेका जमिनीवर धरला. रक्त घेऊन झाल्यावर मी वैतागून विचारलं, हे वाजवताय तरी काय. बस्स, माझी चूक झाली. त्याला तेवढंच हवं होतं.

'बारा गावचं वादळ' नावाची एक रॉक संगीतिका तेव्हा मराठी रंगभूमीवर चालू होती. पेटी-तबला नाही, सगळा मामला गिटार आणि ड्रमचा, आणि नटमंडळी गाता गाता रंगमंचभर धावायची. कल्याण, डोंबिवली, ठाणे, जिथे प्रयोग असेल तिथे हा उल्हासनगरचा सिंधी व्यापारी हजर. त्याचं मराठी बाजारातलं, मुलीला 'तो' म्हणणारं. पण गाणी म्हणताना एक अक्षर चुकायचा नाही. मी नळीवर नाव लिहीपर्यंत त्याने मला अख्खी गोष्ट सांगितली. नदीकाठचं एक गाव. त्या गावात प्रत्येक घराला नदी न ओलांडण्याचं काही ना काही कारण आहे. तारा नावाची मुलगी आहे, तिला गायला जायचंय, आणि तिची आई दारात बसून असते. "दार उघडं ठेव आई, वारा माझ्या ओळखीचा", हे तिचं गाणं. शेवटी एका संध्याकाळी तारा बॅग घेऊन नदीवर येते. होडी समोर उभी आहे. इथे हरेश थांबला.

मी विचारलं, मग.

"मग मला माहीत नाही मैडम. तेव्हा मी निघतो."

मला वाटलं, उत्सुकता ताणतोय. तसं नव्हतं. बाबांना सांभाळायला वांगणीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून पारूबाई यायच्या. त्यांना अंधार पडायच्या आत शेवटची जीप गाठावी लागायची. प्रयोग दुपारचे असायचे. मध्यंतरानंतर काही वेळाने, तारा नदीवर आली की, हरेश उठायचा आणि रिक्षा पकडून घरी यायचा. किती प्रयोग झाले त्याचे, देव जाणे. गाणी पाठ, नटांच्या आजारपणापर्यंत सगळं ठाऊक, आणि शेवट मात्र एकदाही बघितलेला नाही.

पुढे मीही त्याच्या टोळीत ओढली गेले. टोळी म्हणजे हरेश, मी आणि कुळगावचा बबन. बबन हरेशचा माल त्याच्या टेंपोतून कारखान्यांत पोचवायचा. भात लावणाऱ्या घरातला, अंगाने आडवा, बोलायला कमी आणि करायला तयार असा माणूस. हरेशने त्याला पहिल्यांदा नाटकाला नेलं तेव्हा तो दुसऱ्या गाण्यापर्यंत झोपला होता, आणि नंतर म्हणे, ड्रमवाल्या पोराचे हात बघून जागा झाला. तेव्हापासून तो निव्वळ ड्रमसाठी यायचा.

हरेशबरोबर नाटकाला जायचं म्हणजे शिस्त. आधी पोटभर खायचं, कारण मध्यंतरात वड्यासाठी रांगेत उभं राहिलेला माणूस पुढचं गाणं चुकवतो. तो सकाळीच दाल-पकवान बांधून घ्यायचा आणि टेंपोच्या मागच्या फळीवर उभ्या उभ्या आम्हाला खाऊ घालायचा. तिकिटं दाराजवळची, त्याची खुर्ची सगळ्यात कडेची. आणि सर्वांत मोठा नियम हा, की शेवट सांगायचा नाही. चुकूनही नाही. नाटक संपल्यावर आम्ही त्याला फोन करायचा नाही, कारण आवाजावरून कळतं. सांगितलात तर दोस्ती खतम, असं तो हसत हसत म्हणायचा, पण हसण्यातली नव्हती ती गोष्ट. एकदा बबन दुकानात सहज "ती मंग ज्या..." एवढं बोलला, तर हरेश कानावर हात ठेवून रस्त्यावर गेला आणि रिक्षांच्या मधोमध उभा राहिला. तीन रिक्षावाले त्याला शिव्या देऊन गेले तरी आत येईना.

गंमत बघा, आम्हा दोघांना त्या नाटकाचं तेवढं काही नव्हतं आणि आम्हाला शेवट माहीत होता. ज्याचा जीव त्यात अडकलेला तोच अडाणी. दुसऱ्या दिवशी मी बाबांचं रक्त घ्यायला गेले की तो कडेकडेने विचारायचा. गोष्टीचं नको मैडम, फक्त सांगा, शेवटी दिवे कुठल्या रंगाचे होते. लोक टाळ्या बसून वाजवतात की उभं राहून. ड्रम आधी थांबतो की गिटार. मी जपून उत्तर द्यायचे. तेवढ्यावरून तो स्वतःचा शेवट जुळवायचा आणि तो मला ऐकवायचा. हा शेवट दर वेळी वेगळा. कधी तारा होडीत बसते आणि होडी उलटते. कधी आई धावत येते आणि तिच्याबरोबर जाते. एकदा तर त्याने सगळं गावच होडीत बसवलं. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की बाबांचा आठवडा वाईट गेला असला की तारा घरी परतायची. बाबा जरा बरे असले, त्यांनी दोन घास जास्त खाल्ले असले, की ती निघून जायची. मी हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

एका पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली. आमचं घर तळमजल्यावर. पाणी अंगणात आलं तसा मी हरेशला फोन केला तो फक्त कळवायला, की उद्या रक्त घ्यायला येता येणार नाही. तासाभरात तो आणि बबन हजर, अर्धा रस्ता टेंपोने आणि उरलेला कमरेएवढ्या पाण्यातून. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा शांत बघितलं. धावपळ आमची, हा मात्र एकेक डबा, एकेक गादी न गडबडता गच्चीवर पोचवत होता. आईला त्याने पाठुंगळी घेतलं. आई देवाचं नाव घेत होती आणि हा ताराचं गाणं गुणगुणत होता. सगळं वर चढल्यावर तो गच्चीच्या कठड्याशी उभा राहून पाणी बघत राहिला. पलीकडे काय आहे, त्याने विचारलं. शेतं आणि त्यामागे नव्या इमारती, मी म्हटलं. नाही नाही, तो म्हणाला, म्हणजे अजून पलीकडे. मग त्याला पारूबाईंची आठवण झाली आणि तो होता तसा ओला निघून गेला.

याच माणसासाठी पुढे आम्ही एक बेत केला. बबनची बायको सुनंदा म्हणाली, एक संध्याकाळ मी बसते म्हाताऱ्याजवळ, बघू दे त्याला एकदाचं. हरेशने दहा कारणं काढली. बाबा अनोळखी हातून जेवत नाहीत, औषधं गुंतागुंतीची आहेत, सुनंदाला त्रास कशाला. आम्ही सगळी कारणं खोडून काढली. बाबांना सुनंदा आवडली होती, कारण ती त्यांच्याशी कुळगावच्या बोलीत ओरडून बोलायची आणि ते त्यांना ऐकू जायचं. प्रयोगाला आम्ही निघालो. तारा बॅग घेऊन नदीवर आली. माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मी बघितलं तर हरेश नाही.

नंतर सुनंदाने सांगितलं. ती टीव्ही बघत होती, बाबा गाढ झोपलेले, आणि हा दारात घामाघूम. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही, पाणी प्यायला आलो. कल्याणहून विठ्ठलवाडीला पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुकानात गाठलं आणि चांगलंच झाडलं. सुनंदाची संध्याकाळ फुकट गेली, आमचा जीव टांगणीला लागला, आणि तू काय खेळ लावलायस. तो चेनचे गठ्ठे या फळीवरून त्या फळीवर ठेवत होता. त्याच्या मागे भिंतीवर एक गिटार टांगलेली असायची. मी तिला इतके दिवस शोभेची समजत होते, कारण तिच्या तारांवर नमुन्याच्या चेन अडकवलेल्या असायच्या, पितळी, काळ्या, चंदेरी. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा तिच्याबद्दल सांगितलं. विशीत तो इथल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. लग्नं, हळदी, गणपती. मग एका मोठ्या ऑर्केस्ट्राने त्याला बोलावलं, मुंबईबाहेर, महिनोन्महिन्यांच्या दौऱ्यावर. बॅग भरून तो विठ्ठलवाडी डेपोपर्यंत गेला. भाऊ नुकताच दुबईला गेलेला होता. बाबा दुकानात एकटे. बाबा नको म्हणाले नव्हते, जा पण म्हणाले नव्हते. काहीच म्हणाले नव्हते. बस लागली, लोक चढले, आणि हा बॅग घेऊन घरी आला. बाबांनी बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, पितळी बटणांचा माल आला का.

मग तो बोलला ते माझ्या अजून कानात आहे.

"मैडम, ती पोरगी गेली तर मी काय करू? आणि परत आली, तर मग मी काय करू?"

त्यानंतर मी त्याला शेवट बघण्याचा आग्रह कधी केला नाही. त्याचं ते उठून जाणं बाबांसाठी होतं हे खरं, आणि ते बाबांसाठी नव्हतं हेही तितकंच खरं. दोन्ही बाजूंनी तो बरोबरच अडकला होता. वाईट वाटायचं मला. पण असं वाईट वाटलं की मी त्याला जास्तच टोचून बोलायचे, तो माझा स्वभाव.

आणि मग जाहीर झालं की 'बारा गावचं वादळ' बंद होतंय. शेवटचा प्रयोग अंबरनाथला, रविवारी दुपारी. म्हणजे जवळजवळ घराच्या अंगणात. आम्हाला वाटलं हरेश आता नाचेल. त्याने सुनंदाचंही धरून चार तिकिटं काढली, आणि त्या आठवड्यात त्याची जी काही अवस्था झाली ती बघवत नव्हती. दुकानात गिऱ्हाईक बटण मागायचं आणि हा चेन काढून द्यायचा. बोलता बोलता निघून जायचा, मागच्या घरात, पुढच्या रस्त्यावर, पुन्हा आत. मला फोन करायचा आणि मी हॅलो म्हणताच काही नाही म्हणून ठेवून द्यायचा. रविवारी सकाळी तर त्याचा आवाज चक्क खुशीत होता. पारूबाई आलेल्या नाहीत, त्यांच्या पाड्यावर लग्न आहे. सुनंदाही माहेरी. तेव्हा तुम्ही दोघं जा, मी काही येत नाही, आणि मला काही सांगू नका.

मी सकाळची कामं आटोपून तशीच विठ्ठलवाडीला गेले. बबन टेंपो घेऊन आला होता. हरेशने दोन तिकिटं आमच्या हातात दिली आणि उरलेली दोन खिशात घातली. बबनने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आरं मंग म्हाताऱ्याला पन घेव ना. टेंपो कशाला हाय?"

हरेश हसला. बाबा महिनोन्महिने घराबाहेर पडले नव्हते. तो समजावायला लागला, की खुर्ची चढणार कशी, आत कोण सोडेल, त्यांना काय समजणार. बबन वाद घालत बसणारा माणूस नव्हे. तो मागे गेला आणि बाबांच्या कानाशी ओरडला, "बाबा, टेंपोत येनार?"

इथे एक घोटाळा झाला. झटका येण्याआधी बाबा रोज टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून माल आणायला जायचे. टेंपो म्हणजे धंदा. त्यांचे डोळे चमकले. डाव्या हाताने त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. सफारी काढायला लावला, केस विंचरायला लावले, आणि दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकेपर्यंत खुर्ची हलू दिली नाही. माल घ्यायला निघालेल्या माणसाला आता नको म्हणायची हरेशची छाती होईना. बबनने खुर्चीसकट त्यांना उचलून टेंपोत ठेवलं, गठ्ठे बांधायच्या दोरीने खुर्ची दोन्ही बाजूंनी आवळली, आणि हरेश मागे खुर्ची धरून उभा राहिला. अंबरनाथ येईपर्यंत तो दोनदा ओरडला की परत फिरव. बबनला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं बबन म्हणतो.

नाट्यगृहाच्या दारात मी पिशवीतला लॅबचा पांढरा कोट चढवला. मग कुणी काही विचारलं नाही. दारावरच्या माणसाने उलट वाट करून दिली. पण चाकाची खुर्ची ठेवायला सपाट जागा एकच होती, पहिल्या रांगेच्या पुढे, ऐन रंगमंचाखाली, ड्रमच्या बाजूला. बाबा तिथे. त्यांच्यासोबत म्हणून पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्च्या आम्हाला मिळाल्या, त्यांच्या मागे हरेश, मी आणि बबन त्याच्या दोन बाजूंना. दार पार मागे, अख्खं भरलेलं नाट्यगृह मधे. हरेशने एकदा मागे वळून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

पडदा उघडला तरी बाबा माल शोधत होते. मग पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांचं कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. स्पीकर इतका जवळ की ते थांबेचना. वरचा गिटारवाला आपल्या वायरी तपासू लागला. हरेशने पुढे वाकून घाईघाईने मशीन काढलं आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलं. मला वाटलं, झालं, आता म्हाताऱ्याला काहीच ऐकू येणार नाही आणि तो घरी न्या म्हणून हट्ट धरेल. पण ड्रमचा आवाज कानाने ऐकावा लागतच नाही. तो जमिनीतून, खुर्चीच्या लोखंडातून त्यांच्या अंगात शिरत होता. बाबांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि तो तिथून हलवला नाही. मध्यंतरात मी पाणी दिलं तर त्यांनी मान फिरवून आधी ड्रमकडे बोट केलं. ड्रमवाला कुठे गेला, असं विचारत होते. बबन खूश झाला.

हरेश मात्र नाटक बघतच नव्हता. तो घड्याळ बघत होता, बाबांचा खांदा बघत होता, त्यांना थंडी वाजतेय का, त्यांना बाथरूमला जायचंय का. मी दोनदा त्याचा गुडघा दाबून धरला, इतका तो हलत होता.

तारा बॅग घेऊन नदीवर आली. सगळी वाद्यं थांबली. हरेश उठला.

घरी कुणी वाट बघत नव्हतं. त्याचं होतं नव्हतं ते सगळं घर त्याच्या पुढ्यात चाकाच्या खुर्चीत बसलेलं होतं. तरी तो उठला. बाबा दमलेत, त्यांना घेऊन निघतो, असं माझ्या कानाशी पुटपुटला आणि पुढे जाऊन चाकाचा ब्रेक काढायला वाकला. मी त्याला अडवायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही. तेवढ्यात बाबांच्या डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"वेहु," बाबा सिंधीत म्हणाले. खाली बस.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. ताराचं काम करणाऱ्या मुलीनेसुद्धा क्षणभर खाली बघितलं. हरेशची खुर्ची मागे होती आणि मनगट सुटेना, म्हणून तो होता तिथे, चाकाशेजारी जमिनीवर बसला.

तारा होडीत चढली. दारातली आई उठली नाही, तिने हाक मारली नाही, तिने दार लावलंही नाही. होडी निघाली. तारा वळली नाही. गाणं नव्हतं, फक्त ड्रम, हळूहळू लांब जाणारा, आणि मग तोही नाही. दिवे गेले. मी हे किती वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी मला हुंदका आवरला नाही. बबनही नाक पुसत होता.

टाळ्या चालू असताना बाबांनी हरेशला हलवलं आणि मोठ्याने सिंधीत विचारलं, गेली का ती मुलगी. हरेशने मान हलवली. गेली. बाबांनी विचार केला.

"सुठो," ते म्हणाले. चांगलं झालं.

बाहेर आलो तेव्हा उजेड होता. पुढच्याच आठवड्यात माझं पनवेलचं काम ठरलं आणि विठ्ठलवाडीचं जाणं सुटलं. त्यामुळे हरेश माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या संध्याकाळचाच. बबनने खुर्ची पुन्हा दोरीने बांधली. मी पुढे बबनशेजारी बसले. केबिनच्या मागची काच फुटलेली होती, तिथून मागचं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं. टेंपो अंबरनाथच्या बाजारातून बाहेर पडला तसा हरेश वाकून बाबांच्या समोर आला. इतकी वर्षं उल्हासनगरात फिरून मला सिंधी कळते. तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी गेलो असतो, तर तुम्ही हेच म्हणाला असतात?"

कानाचं मशीन अजून हरेशच्याच खिशात होतं. बाबा त्याच्याकडे बघत होते, बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं, सगळं लक्ष देऊन. मग हरेशने खिशातून मशीन काढलं, शर्टाला पुसलं, नीट बाबांच्या कानात बसवलं, आणि वारा लागतोय का, असं विचारलं.